रुग्णालयात नवी पद्धत रुजवायची असेल तर आधी काय बदलावं लागतं? डिस्चार्जच्या उदाहरणातून सविस्तर मार्गदर्शक

२००७-०८ साली जागतिक आरोग्य संघटनेनं शस्त्रक्रियेच्या वेळी वापरायची १९ मुद्द्यांची एक यादी आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत वापरून पाहिली. त्यात दिल्लीतलंही एक रुग्णालय होतं. भूल देण्याआधी, चीर देण्याआधी आणि रुग्ण थिएटरबाहेर नेण्याआधी थांबायचं आणि मोठ्यानं विचारून खात्री करायची, एवढाच त्याचा गाभा. गुंतागुंतीचं प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आलं, मृत्यूंचं दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर. पुढे कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात सरकारनं रुग्णालयांकडून यादी वापरल्याचे अहवाल मागायला सुरुवात केली. रुग्णालयांनी यादी वापरतोय असं कळवलंही. २०१४ साली तिथल्या १०१ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा मृत्यू आणि गुंतागुंत या दोन्हींत दखल घ्यावी असा फरक सापडला नाही.

अभ्यासाचा कालावधी अपुरा होता असं काही जण म्हणतात, आणि त्यात तथ्य असेलही. पण ज्यानं कुठल्याही रुग्णालयात तपासणीच्या आदल्या रात्री रजिस्टरं भरली जाताना पाहिली आहेत, त्याला ऑन्टारियोचं नवल वाटणार नाही. पहिल्या आठ ठिकाणी यादीबरोबर माणसं होती, त्यांना शिकवणारं कुणी होतं आणि आकडे त्यांच्याच हातात परत येत होते. सक्तीच्या वेळी बऱ्याच ठिकाणी फक्त कागद पोचला असावा.

हा लेख त्या कागदाभोवतीच्या गोष्टींबद्दल आहे. कारभाराची एखादी नवी रीत आणायची असेल, तर रुग्णालयानं स्वतःच्या रचनेत काय काय हलवायला हवं, कोणत्या क्रमानं, आणि कुठे घसरतं, ते यात आहे. वाचक म्हणून माझ्या डोळ्यांसमोर वैद्यकीय अधीक्षक, मेट्रन (परिचारिकांच्या प्रमुख), क्वालिटीचं काम गळ्यात पडलेले डॉक्टर आणि ट्रस्टचे विश्वस्त आहेत. उदाहरण शेवटपर्यंत एकच घेऊ: डिस्चार्जला लागणारा वेळ.

१. दुखणं निवडा, कल्पना नको

'आपण लीन (वाया जाणारा वेळ आणि श्रम कमी करायची पद्धत) आणूया', 'आपण ॲप आणूया' अशी सुरुवात करू नका. आधी अशी अडचण शोधा जी रुग्णालाही छळते आणि कर्मचाऱ्यांनाही, आणि जी घड्याळानं मोजता येते. डिस्चार्ज त्यात चपखल बसतो. सकाळच्या राऊंडला डॉक्टर म्हणतात, "आज घरी सोडू." नातेवाईक पिशव्या भरून बसतात. संध्याकाळी पाच वाजता बिल होतं, तोवर गावाकडची शेवटची एसटी गेलेली असते. इकडे कॅज्युअल्टीत खाट मिळेना म्हणून रुग्ण स्ट्रेचरवर असतो, आणि दोन्हीकडची बोलणी इनचार्ज सिस्टरला खावी लागतात. अशा दुखण्यावर काम करायला माणसं आपणहून येतात.

२. कागदाच्या मागे मागे चाला

हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि थेट मीटिंग बोलावतात. मीटिंगमध्ये प्रत्येक विभाग 'आमच्याकडून उशीर होत नाही' असं सांगतो आणि प्रत्येकाचं स्वतःपुरतं खरंही असतं.

समजा, १०० खाटांचं ट्रस्टचं रुग्णालय आहे. एका माणसानं एक रुग्ण धरायचा आणि 'सोडू' या शब्दापासून रुग्ण गेटबाहेर पडेपर्यंत घड्याळ लावून बसायचं. साधारण असं दिसतं: राऊंड साडेनऊला संपतो. आरएमओंना (निवासी डॉक्टरांना) डिस्चार्ज कार्ड लिहायचं असतं, पण ते तोवर थिएटरला गेलेले असतात. बारा वाजता कार्डाचा मसुदा होतो, पण हिस्टोपॅथॉलॉजीचा (काढलेल्या ऊतीच्या तपासणीचा) रिपोर्ट 'येणार आहे' म्हणून सही अडते. न वापरलेली औषधं वॉर्डातून फार्मसीत परत जायची असतात. मामा (वॉर्डबॉय) दुपारच्या फेरीलाच जातात, त्यामुळे परतीची नोंद दोनच्या पुढे होते. ती झाल्याशिवाय बिलिंग अंतिम बिल काढत नाही. बिल निघालं की कॅशलेसवाल्यांचं टीपीएकडे (विमा कंपनीच्या वतीनं दावे तपासणाऱ्या संस्थेकडे) जातं. जनआरोग्य योजनेतला रुग्ण असेल तर आरोग्यमित्राकडचे (योजनेच्या रुग्णालयातल्या प्रतिनिधीकडचे) कागद आणि फोटो. बिल पास होतं तेव्हा कॅश काउंटरवर शिफ्ट बदलत असते.

असे दहाबारा रुग्ण, वेगवेगळ्या वारांचे आणि वेगवेगळ्या वॉर्डांतले, तपासले की एक गोष्ट स्पष्ट होते: प्रत्यक्ष काम तास-दीड तासाचं असतं, बाकी सगळी वाट पाहणं. आणि ती वाट बहुतेक वेळा दोन विभागांच्या सीमेवर पाहिली जाते, जिथे कुणाचीच जबाबदारी नसते. टीपीएच्या नावानं खडे फोडणं सोपं आहे, पण विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार डिस्चार्जची विनंती मिळाल्यापासून तीन तासांत अंतिम मंजुरी द्यायची आहे. विनंतीच दुपारी तीनला जात असेल तर दोष कुणाचा?

चालणारा माणूस शक्यतो त्या विभागाचा नसावा, आणि त्यानं कुणाचं नाव लिहू नये. 'फार्मसी, १२.४०, नोंद नाही' एवढं पुरे. नाव लिहिलंत की दुसऱ्या दिवसापासून सगळे तुमच्यासमोर वेगळंच काम करून दाखवतात.

३. काम कुणाचं, आणि त्याच्या मागे कोण

नव्या रीतीला एक मालक लागतो. समिती म्हणजे मालक नव्हे. डिस्चार्जसाठी सर्वांत योग्य माणूस सहसा इनचार्ज सिस्टर असते, कारण सगळे धागे तिच्या टेबलावरून जातात. पण तिच्या ड्युटीतले आठवड्याचे तीन-चार तास या कामासाठी मोकळे करून द्यायचे नसतील, तर तिचं नाव लिहू नका. 'सिस्टर, तुम्ही बघून घ्या ना जरा' या वाक्यानं जितके उपक्रम मेले असतील, तितके पैशाअभावी मेले नसतील.

तिच्या मागे वरच्या फळीतलं एक माणूस हवं: अधीक्षक, मेट्रन किंवा विश्वस्त. त्याचं काम प्रोत्साहनपर भाषण करायचं नसून वाटेतले दगड काढायचं असतं. अमेरिकेतल्या मिशिगन राज्याचं उदाहरण इथे नेमकं आहे. शंभरावर अतिदक्षता विभागांत मोठ्या शिरेतल्या कॅथेटरमुळे (नळीमुळे) होणारा रक्तसंसर्ग थांबवायचा होता. पद्धत पाच गोष्टींची होती: हात धुणं, पूर्ण निर्जंतुक आच्छादन, त्वचेला क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक, शक्यतो जांघेतली शीर टाळणं, आणि गरज संपली की कॅथेटर काढणं. यात नवीन शोध काहीच नव्हता. पण अनेक ठिकाणी क्लोरहेक्सिडीन हाताशी नसायचंच. प्रत्येक विभागाला वरिष्ठ व्यवस्थापनातला एक माणूस जोडलेला होता. विभागात येऊन बसल्यावर त्याला हे कळलं आणि खरेदीचा प्रश्न सोडवायची ताकद त्याच्याकडे होती. दर हजार कॅथेटर-दिवसांमागे (एका रुग्णाला एक दिवस नळी म्हणजे एक कॅथेटर-दिवस) ७.७ असलेलं संसर्गाचं सरासरी प्रमाण १६ ते १८ महिन्यांत १.४ वर आलं. अर्थातच हे नुसत्या खरेदीनं झालं नाही. क्रम चुकला तर डॉक्टरला थांबवायची मुभाही नर्सला दिलेली होती. त्या मुभेबद्दल पुढे.

४. थोडे पैसे आणि थोडा अधिकार, दोन्ही लेखी

सरकारी रुग्णालयांत एक खिळा ठोकायलाही प्रस्ताव वर जातो, हे सगळ्यांना माहीत आहे. यावर देशातला सर्वांत परिणामकारक तोडगा इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयातून आला. होळकरांच्या या शहरातलं हे अवाढव्य सरकारी रुग्णालय १९९४ च्या सुमारास उंदीर आणि घाणीसाठी बदनाम झालं होतं. साफसफाईच्या मोठ्या मोहिमेनंतर तिथे रोगी कल्याण समिती उभी राहिली: शुल्क आणि देणग्यांतून आलेला पैसा तिथेच राहील आणि तो खर्च करायचा निर्णयही तिथेच होईल. २००५ नंतर राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानानं हीच रचना देशभर नेली, आणि आपल्याकडची रुग्ण कल्याण समिती त्यातूनच आली. समिती आज अनेक ठिकाणी सह्यांपुरती उरली आहे, तो भाग वेगळा. पण अधिकार कागदावर अजूनही आहे आणि तो वापरता येतो.

खासगी किंवा ट्रस्टच्या रुग्णालयात हेच एका पानाच्या पत्रानं करता येतं. डिस्चार्जच्या मालकाला अधीक्षकांच्या सहीचं पत्र द्या: अमुक रकमेपर्यंत न विचारता खर्च करता येईल (पांढरा फळा, दोन जास्तीचे ट्रे, एक इंटरकॉम), मामांच्या फार्मसीच्या फेरीची वेळ बदलता येईल, आणि तीन महिने त्यांच्या वॉर्डातल्या आरएमओंच्या कामाच्या क्रमाबद्दल त्या सूचना देऊ शकतील. शेवटची ओळ वाचून काही डॉक्टरांच्या भुवया उंचावतील. उंचावू द्या, पण पत्र देण्याआधी त्यांच्याशी बोला. पत्र भिंतीवर लागल्यावर त्यांना कळलं, तर सिस्टरचंच अवघड होतं.

५. भीती काढल्याशिवाय खरी माहिती मिळत नाही

यावर थोडं जास्त थांबतो, कारण बाकी सगळं जमलं आणि हे राहिलं तर तीन महिन्यांत फळा पुसला जातो.

भीती दोन प्रकारची असते. पहिली नोकरीची. काम सोपं झालं की माणसं कमी करतील, ही शंका कंत्राटी मावशी-मामांपासून बिलिंगच्या क्लार्कपर्यंत सगळ्यांच्या मनात असते आणि ती अनाठायी नसते. सिॲटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयातल्या वरिष्ठांनी २००२ साली जपानला जाऊन टोयोटाची उत्पादनपद्धत पाहिली आणि ती रुग्णालयात आणायला घेतली. तेव्हा त्यांनी कर्मचाऱ्यांना शब्द दिला की या सुधारणांमुळे कुणाचीही नोकरी जाणार नाही. काम उरलं नाही तर दुसरं काम मिळेल. तुम्हाला असा शब्द पाळता येणार असेल तरच द्या, आणि दिलात तर लेखी द्या. पाळता येणार नसेल तर निदान असं काम निवडा ज्यात माणूस कमी होण्याचा प्रश्नच येत नाही.

दुसरी भीती बोलण्याची. त्याच रुग्णालयात कुणीही कर्मचारी धोका दिसला तर काम थांबवून सूचना देऊ शकेल अशी व्यवस्था केली गेली. आपल्याकडे 'सर, थांबा' असं सिस्टरनं भर वॉर्डात म्हणणं ही साधी गोष्ट नाही. मावशींनी म्हणणं तर दूरच. म्हणून नुसतं 'मोकळेपणानं बोला' असं सांगून भागत नाही. काय म्हणायचं ते वाक्यच ठरवून द्या. उदाहरणार्थ: "सर, यादीतला एक मुद्दा राहिलाय." त्यात आरोप नाही, चूक कुणाची ते नाही. आणि ज्येष्ठ सर्जननं हे वाक्य पहिल्यांदा ऐकल्यावर काय उत्तर द्यायचं, तेही ठरवून घ्या: "बरोबर, थांबतो." बाकी काही नाही.

पहिल्यांदा कुणी बोलतं तेव्हा सगळा वॉर्ड बघत असतो. समजा, एका स्टाफ सिस्टरनं सांगितलं की डिस्चार्जच्या गडबडीत रुग्णाला इन्सुलिनचा डोस समजावून न सांगताच सोडलं. अधीक्षकांनी त्या दिवशी 'मेमो काढा' म्हटलं, की पुढचे सहा महिने तुमच्याकडे सगळं छान असल्याचे अहवाल येतील. त्यांनी विचारलं, "कुठल्या टप्प्यावर राहिलं? उद्या ते कसं टळेल?", तर दुसऱ्या दिवशी आणखी दोघी बोलतात. निष्काळजीपणावर कारवाई करूच नये असं मी म्हणत नाही. पण घाईत सुटलेली गोष्ट आणि मुद्दाम टाळलेली गोष्ट यांतला फरक अधीक्षकांना कळतो, हे वॉर्डाला दिसायला हवं.

६. नवं आणायचं तर जुनं काहीतरी काढा

सिस्टरच्या टेबलावरची रजिस्टरं एकदा मोजा. नवीन फॉर्म आणण्याआधी त्यातलं एक बंद करण्याची परवानगी मिळवा. बऱ्याचदा असं निघतं की एखादं रजिस्टर कुणीतरी कधीतरी सुरू केलं होतं आणि ते आता कुणीच वाचत नाही. कायद्यानं, योजनेनं किंवा एनएबीएचच्या (रुग्णालयांना दर्जाचं प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाच्या) निकषांनी सक्तीची असलेली सोडून उरलेल्यांपुढे एकच प्रश्न ठेवा: गेल्या वर्षभरात यातल्या नोंदीवरून कुणी एखादा निर्णय घेतला का?

७. एक वॉर्ड, एक युनिट, एक आठवडा

आता प्रयोग. सगळ्या रुग्णालयात एकदम नको. ज्या युनिटचे डॉक्टर थोडे उत्सुक आहेत तिथून सुरू करा. विरोध करणाऱ्यांना पटवण्यात पहिला महिना घालवू नका.

पहिल्या आठवड्याची रीत एवढीच ठेवा: संध्याकाळच्या राऊंडला 'उद्या बहुधा घरी' अशा रुग्णांची नावं फळ्यावर येतील. ती आली की त्याच संध्याकाळी जादा औषधं फार्मसीत परत, डिस्चार्ज कार्डाचा मसुदा रात्रपाळीच्या आरएमओंकडून, आणि तोपर्यंतचं बिल तयार. सकाळचा राऊंड आधी या रुग्णांपासून सुरू. रिपोर्ट बाकी असेल तर 'रिपोर्ट नंतर फोनवर कळवू' असं कार्डावर लिहून सोडता येईल का, हे युनिटच्या प्रमुखांनी प्रकारानुसार आधीच ठरवून द्यायचं.

आठवड्याअखेर तुमच्या लक्षात येईल की यातली अर्धी रीत चालली नाही. रात्रपाळीला एकच आरएमओ असतील तर मसुदा होणार नाही, हे बहुतेक ठिकाणी आधीच सांगता येतं. मग दुसऱ्या आठवड्यात तो दुपारच्या पाळीला द्या. बदला, पुन्हा चालवा. तीन-चार फेऱ्यांनंतर जे उरतं ते तुमच्या रुग्णालयाचं असतं.

८. मोजणारा वेगळा ठेवा

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं नव्वदच्या दशकात गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत उभी केली. ३९ गावांत ती राबवली, ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेतल्या गावांच्या मानानं ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ साली प्रसिद्ध झालं, आणि २०११ मध्ये आशा कार्यकर्त्यांमार्फत ही संकल्पना देशाच्या कार्यक्रमात आली. तिथल्या कामाची वैद्यकीय बाजू सगळ्यांना ठाऊक असते. कारभाराच्या दृष्टीनं मला महत्त्वाची वाटते ती जन्म-मृत्यूच्या नोंदींची शिस्त. बाळ दगावलं तर ती नोंद लपणार नाही, अशी व्यवस्था कामाच्या आधीच उभी होती. नाहीतर आकडे नेहमी काम करणाऱ्याच्या बाजूनं झुकतात. त्यात बेइमानी असायलाच हवी असं नाही.

डिस्चार्जला हाच नियम छोट्या प्रमाणात लावा. 'सोडू' ची वेळ वॉर्डात आणि बाहेर पडल्याची वेळ गेटवरच्या सुरक्षारक्षकानं लिहावी. दोन्हींतला फरक रोज एका आलेख-कागदावर ठिपक्यानं मांडा. महिन्याची सरासरी काढत बसू नका, कारण एका अडकलेल्या प्रकरणानं ती बिघडते; सगळे आकडे चढत्या क्रमानं लावून मधला आकडा घ्या. आणि आलेख ऑफिसमधल्या फाइलमध्ये ठेवण्याऐवजी सिस्टरच्या टेबलामागे लावा.

सोबत दुसऱ्या बाजूची एक मोजणीही हवी. वेळ कमी करण्याच्या नादात रुग्णाला औषधं न समजताच घरी पाठवलं जात असेल तर? दुसऱ्या दिवशी पाच रुग्णांना फोन करून विचारा, 'सकाळी कुठली गोळी घेतली?' आणि आठवड्याच्या आत परत दाखल झालेले किती, तेही लिहा.

९. आठवड्याची बैठक

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून जो ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला, त्यात गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्या, ज्यांतल्या कित्येकींना सुरुवातीला लिहिता-वाचता येत नव्हतं, दर आठवड्याला केंद्रावर जमत. गावात काय घडलं ते सांगायचं, अडलं ते विचारायचं, नवं शिकून जायचं. एकदाच प्रशिक्षण देऊन मोकळं होणं आणि दर आठवड्याला भेटणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तुमची बैठक वीस मिनिटांची ठेवा, वॉर्डातच, उभ्यानं. आलेख, या आठवड्यात काय अडलं, कोण काय सोडवणार. फार्मसी आणि बिलिंगचा एकेक माणूस हवाच. मावशी किंवा मामा यांपैकी एक तरी हवं. सामान कुठे पडून राहतं हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. वरिष्ठांनी शेवटी बोलावं. त्यांनी सुरुवातीलाच मत दिलं की बाकीच्यांची मतं जुळायला लागतात.

१०. दुसऱ्या वॉर्डात नेताना

इथे ऑन्टारियोची गोष्ट पुन्हा आपल्या दारात येते. एका वॉर्डात जमलं की परिपत्रक काढण्याचा मोह होतो. त्याऐवजी आधी ठरवा, काय बदलता येणार नाही आणि काय बदलता येईल. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयानं, जे १९७६ मध्ये ११ खाटांवर सुरू झालं, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचा क्रम काटेकोर बसवला: सर्जनपुढे दोन टेबलं, एकावर शस्त्रक्रिया चालू असताना दुसऱ्यावर पुढचा रुग्ण तयार, आणि तयारीचं बरंचसं काम खेड्यांतून निवडून प्रशिक्षण दिलेल्या मुलींकडे. तिथे एकाच प्रकारची शस्त्रक्रिया पुन्हा पुन्हा होते, म्हणून इतकी शिस्त शक्य आहे. तुमच्या मेडिसिनच्या वॉर्डात ती जशीच्या तशी बसणार नाही. म्हणून 'आदल्या संध्याकाळी यादी' आणि 'गेटवर वेळ' हे दोन मुद्दे पक्के ठेवा. मसुदा कोण लिहील, फेरी किती वाजता, हे त्या वॉर्डाला ठरवू द्या. पहिल्या वॉर्डाच्या सिस्टरला दुसऱ्या वॉर्डात आठवडाभर रोज तासभर पाठवा. परिपत्रक त्यानंतर काढा.

११. बदलीच्या आधी

सरकारी रुग्णालयात अधीक्षक दोन-तीन वर्षांत बदलतात, खासगीत सिस्टर नोकरी सोडतात. उपक्रम एका माणसाच्या उत्साहावर उभा असेल तर तो त्याच्याबरोबर जातो. कायाकल्पसारखा (सरकारी रुग्णालयांच्या स्वच्छतेचा) पुरस्कार किंवा एनएबीएचचं प्रमाणपत्र पदरात पडलं की ढिलाई येते, तीही याच जातीची.

यासाठी कंटाळवाणी कामं करावी लागतात. नव्या स्टाफच्या पहिल्या आठवड्याच्या प्रशिक्षणात ही रीत घाला. फार्मसीच्या फेरीची वेळ मामांच्या ड्युटी-लिस्टमध्ये छापून घ्या. खर्चाची बाब पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात टाका. बैठकीची वेळ अधीक्षकांच्या नावानं नाही, पदाच्या नावानं ठेवा. आणि चार्ज देताना एका पानाची टिपणी द्या: सध्या मधला आकडा किती, कुठला विभाग अजून अडतो, कुठला प्रयोग करून सोडून दिला आणि का. 'सोडून दिलेल्या' गोष्टी लिहायला विसरू नका, नाहीतर नवे साहेब पहिल्याच महिन्यात त्याच पुन्हा सुरू करतील. टिपणीच्या शेवटी एक तारीख घाला, साधारण सहा महिन्यांनंतरची. त्या दिवशी मालक सिस्टर आणि नवे अधीक्षक यांनी आलेख समोर ठेवून ठरवायचं: रीत आहे तशी चालू ठेवायची, बदलायची, की बंद करायची.